संथ पाणी, छोटी नाव : घरासाठी कायाक निवडताना

"नागपुरात समुद्र नाही, आणि नदी म्हणावी तर ती नाग. मग ही नाव तुम्ही घालणार तरी कुठल्या पाण्यात?" रात्री दस्तरखानावर बसल्या बसल्या अम्मींनी हे विचारले, तेव्हा आमच्याजवळ उत्तर नव्हते. हट्ट आमच्या तेरा वर्षांच्या मुलीचा होता. तिला कायाक हवी होती. तिच्या मागे नऊ वर्षांचा धाकटा होताच.

अम्मींचा विरोध उगाच नव्हता. आम्ही रामदासपेठेत राहतो. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट इथले लोक विसरलेले नाहीत. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीने काठ सोडला आणि भोवतालच्या वस्त्यांत पाणी शिरले. बचावपथकाच्या रबरी नावा मुलांनी आपल्याच शहराच्या रस्त्यांवर पाहिल्या. तेव्हापासून जोराचा पाऊस लागला की अम्मी रात्रभर जाग्या असतात. मुलीवर मात्र उलटा परिणाम झाला. तिचे म्हणणे, "पाणी घरापर्यंत येऊ शकते, तर मग आपल्याला पाण्यात वावरता यायला नको का?"

दोघींचेही खरे होते. विदर्भात पाण्यावरचे अपघात थोडे नाहीत. जुलै २०१७ मध्ये अमरावती मार्गावरच्या वेणा जलाशयात सहलीला गेलेल्या तरुणांची नाव उलटली. नावेत अकरा जण होते आणि बहुतेक बुडाले. सप्टेंबर २०२१ मध्ये वरुड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटली आणि अकरा जणांचा जीव गेला. अशा बातम्या वाचून मुलांना पाण्यापासून कायमचे लांब ठेवायचे, की त्यांना नीट शिकवून पाण्याजवळ न्यायचे, हा प्रश्न आमच्यापुढे होता. आम्ही दुसरा मार्ग धरला. त्या वाटेवर काय चुकले आणि काय जमले, ते इथे सांगतो. कायाक घ्यायची असो वा सुट्टीत तासभर भाड्याने चालवायची असो, दोन्ही वेळा उपयोगी पडावे असा हेतू आहे.

कायाक म्हणजे काय?

भंडारा-गोंदियाकडच्या तलावांवर ढिवर बांधवांचा डोंगा आपण पाहिलेला असतो. एका लाकडातून कोरलेला, लांबट, अरुंद. कायाकही अशीच लांबट आणि एकट्या-दुकट्याने चालवायची नाव. फरक असा की तिच्यात पाय पुढे पसरून बसायचे असते आणि वल्ह्याला दोन्ही टोकांना पाते असते. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे वल्हे मारत जायचे.

ही नाव मूळची उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांची. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते ती बनवत आणि त्यातून शिकारीला जात. माप घेण्याची त्यांची रीत मोठी बोलकी आहे. लांबी साधारण तीन वाव, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणाऱ्या अंतराच्या तिप्पट. बसण्याच्या जागेची रुंदी म्हणजे मालकाची कंबर आणि वर दोन मुठी. थोडक्यात, शिंप्याने शेरवानीचे माप घ्यावे तशी ती नाव माणसाच्या मापाने बेतली जाई. आज दुकानात तयार नावा मिळतात, पण हे तत्त्व सोडू नये. घरासाठी घ्यायची असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी : माप घरातल्या सर्वांत तरबेज माणसाचे नव्हे, सर्वांत कच्च्या पोहणाऱ्याचे घ्यायचे.

आमची पहिली चूक

हे शहाणपण आम्हाला नंतर सुचले. सुरुवातीला आम्ही स्वस्तातली एक फुगवायची नाव घेतली. चित्रात ती कायाकसारखी दिसत होती. खरे तर ते खेळणे होते. पातळ प्लास्टिक, हवेचा जवळजवळ एकच कप्पा, हलकी वल्ही. ओळखीच्या एका कुटुंबाच्या आवारातल्या कमरेइतक्या पाण्याच्या हौदात धाकट्याला बसवले. तो एका बाजूला वळला आणि नाव उलटली. पाणी उथळ होते, आम्ही शेजारीच उभे होतो, म्हणून अल्लाहच्या कृपेने काही झाले नाही. पण तो पाण्याखाली होता ते दोन-तीन क्षण आम्ही अजून विसरलो नाही. ती नाव त्याच दिवशी बाद केली आणि ठरवले, आता खरेदी उलट्या क्रमाने करायची. आधी पोहणे, मग लाइफ जॅकेट, मग भाड्याच्या नावेत सराव, आणि स्वतःची नाव सर्वांत शेवटी.

त्या वर्षी घरातले चौघे पोहायला शिकलो. अनेक तरणतलावांत महिलांसाठी वेगळी वेळ आणि महिला प्रशिक्षक असतात. चौकशी केली तर सोय होते.

आधी पाणी ठरवा

नाव कोणती, हे पाण्यावरून ठरते. नागपूर हे तलावांचे शहर आहे. शहर वसवणारे गोंड राजे बख्त बुलंद शाह आणि त्यांच्यानंतर गादीवर आलेले चांद सुलतान यांचा वारसा त्यात आहे. आज ज्याला गांधीसागर किंवा शुक्रवारी तलाव म्हणतात, तो चांद सुलतानांच्या काळातला जुम्मा तलाव. अंबाझरी १८७० च्या सुमारास शहराला पाणी पुरवण्यासाठी बांधला गेला. फुटाळा आहे, गोरेवाडा आहे, आणि रामटेकजवळ खिंडसीचा मोठा जलाशय आहे.

पण तलाव दिसला म्हणून नाव घालता येत नाही. कुठला तलाव महापालिकेचा, कुठला पाटबंधारे खात्याचा, कुठला वनखात्याचा. पेंचमधला तोतलाडोह जलाशय व्याघ्र प्रकल्पात येतो. तिथे खासगी नावेचा विचारही करू नये. विदर्भातले पुष्कळ तलाव मासेमारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात आणि पाण्याखाली जाळी असतात. म्हणून आधी परवानगी, आणि तीही शक्यतो लेखी घ्यावी. ज्या ठिकाणी बोटिंग चालते, जॅकेट घातलेले कर्मचारी आणि मोटारबोट असते, तीच जागा घरच्यांसाठी योग्य.

शेततळे मात्र कधीही नको. ते लहान आणि शांत दिसते, पण तळाशी व उतारावर पसरलेला प्लास्टिकचा कागद इतका निसरडा असतो की पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. जुन्या धरणांच्या पाण्यात बुडालेल्या झाडांचे बुंधे असतात. काही तलावांत जलकुंभी माजलेली असते आणि वल्हे तिच्यात अडकते. पाण्यात उतरण्यापूर्वी काठावरच्या मासेमारांशी दोन शब्द बोलावे. त्यांना त्या पाण्याची खडान्‌खडा माहिती असते.

संथ पाणी हेही दिवसभर संथ नसते. सकाळी आरशासारखा असलेला मोठा तलाव दुपारी वाऱ्याने लाटा मारू लागतो. म्हणून सकाळी लवकर जावे. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने निघावे, म्हणजे दमल्यावर परतताना वारा मदतीला येतो. पावसाळ्यात, ढग गडगडत असताना किंवा धरणातून पाणी सोडत असताना जाऊ नये.

बसायचे वर की आत?

आमची एक बहीण मालवणात दिलेली आहे. तिच्याकडे सुट्टीत गेलो, तेव्हा जवळच तारकर्लीला कर्ली नदीच्या खाडीत भाड्याच्या कायाक चालवून पाहिल्या. कायाकचे दोन मुख्य प्रकार असतात, ते तिथे नीट कळले.

पहिल्या प्रकारात माणूस नावेच्या वर, उघड्या खोलगट जागेत बसतो. तळाला आरपार छिद्रे असतात, त्यातून आत आलेले पाणी आपोआप निघून जाते. नाव बंद डब्यासारखी पोकळ असल्याने उलटली तरी पाण्याने भरत नाही. ती सरळ करून पुन्हा वर चढता येते. तोटा इतकाच की कपडे भिजतात आणि थंडीत वारा लागतो.

दुसऱ्या प्रकारात पाय नावेच्या आत जातात. अंग कोरडे राहते, सावली मिळते, वल्हे मारणे जरा सोपे वाटते. पण उलटली तर ती पाण्याने भरते, आणि खोल पाण्यात ती रिकामी करून पुन्हा आत बसणे नवख्याला जमत नाही. घेतलीच तर पुढे-मागे बंद कप्पे किंवा हवेच्या पिशव्या असलेलीच घ्यावी.

नागपूरची हवा आणि घरातली मुले पाहता आम्हाला पहिला प्रकार बरा वाटला. त्याला आणखी एक कारण होते. सलवार-कमीज, हिजाब अशा पोशाखात आत पाय घालून बसण्यापेक्षा वर बसणे मोकळे वाटते आणि पडलोच तर काही अडकत नाही.

लांबी, रुंदी, वजन

संथ पाण्यावर रमतगमत फिरण्यासाठी एकट्याची कायाक साधारण अडीच ते सव्वातीन मीटर लांब असते आणि ७० ते ८५ सेंटिमीटर रुंद. नियम साधा आहे. नाव जितकी रुंद तितकी स्थिर, पण हळू. जितकी लांब आणि अरुंद तितकी वेगवान आणि सरळ जाणारी, पण नवख्याला डगमगणारी. फार आखूड नाव दर वल्ह्याला तोंड फिरवते. मागच्या बाजूला खाली छोटे पंख बसवलेले असेल तर हा दोष कमी होतो. वेगाचा मोह धरू नये. अशा नावा माणसाच्या चालीनेच जातात, आणि आपल्याला तेवढेच हवे असते.

किती वजन पेलते, हा आकडा नावेवर लिहिलेला असतो. तो बुडण्याची मर्यादा सांगतो, आरामाची नाही. आम्ही त्याचा दोन तृतीयांश भागच खरा मानतो. समजा नावेवर १८० किलो लिहिले आहे. म्हणजे आपल्यासाठी १२०. बाप ७२ किलो, मुलगा ३० किलो, पाणी, डबा आणि जॅकेटे मिळून ८ किलो, एकूण ११०. चालेल. पण बहीणही बसते म्हणाली, तर नाही. इथे "थोडे सांभाळून घेऊ" चालत नाही. जास्तीच्या भाराची नाव पाण्यात खोल बसते, आणि मग एक जण जागचा हलला तरी उलटू शकते.

दोघांची नाव घ्यावी का? लहान मुलाला एकटे सोडायचे नसेल तर होय. मात्र दोघांची कडक प्लास्टिकची नाव ३० किलोच्या वर जाते. एकट्याचीही १८ ते २५ किलो भरते. दुकानात ती दोन माणसे उचलून दाखवतात. घरी उचलायची आपल्यालाच असते, म्हणून तिथेच स्वतः उचलून पाहावी.

लिफ्ट, गाडी आणि नागपूरचे ऊन

एका रविवारी आम्ही टेप घेऊन लिफ्ट मोजत होतो. शेजाऱ्यांना वाटले, नवा फ्रिज येणार. लिफ्टमध्ये तीन मीटरची नाव तिरपी करूनही बसेना, आणि जिन्याच्या वळणावर तर मुळीच वळेना. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हे मोजमाप दुकानात जाण्याआधी करावे. खाली वाहनतळात ठेवायची तर सोसायटीची परवानगी लागते, आणि पूर आला तर पाणी आधी तिथेच शिरते.

कडक नावा बहुधा जाड पॉलिइथिलीनच्या असतात. दगडाला घासल्या तरी सहसा फुटत नाहीत. पण उन्हाने हे प्लास्टिक कमजोर होते, आणि मे महिन्यातल्या आपल्या ४५ अंशांत चुकीच्या टेकूवर ठेवली तर तळ दबून वाकडा होतो. ती सावलीत, कुशीवर, रुंद पट्ट्यांच्या आधाराने ठेवावी. गाडीच्या टपावर बांधतानाही दोरी करकचून आवळू नये.

दुसरा पर्याय चांगल्या प्रतीच्या फुगवायच्या कायाकचा. आमच्या त्या खेळण्याशी तिची गल्लत करू नका. जाड थराचे कापडी पीव्हीसी, दोन बाजूंना आणि तळाला असे किमान तीन स्वतंत्र हवेचे कप्पे, दाब दाखवणारा पंप, एवढे तरी हवे. एक कप्पा फुटला तरी उरलेले दोन माणसाला तरंगत ठेवतात. वजन साधारण १० ते १६ किलो, आणि घडी घालून पिशवीत मावते. तिचे शत्रू दोन : काटेरी बुंधे आणि ऊन. पाण्यातून काढून उन्हात ठेवली की आतली हवा तापून फुगते, म्हणून लगेच थोडी हवा सोडावी. घडी घालण्यापूर्वी पूर्ण वाळवावी, नाहीतर बुरशी धरते.

वल्हे आणि जॅकेट

वल्हे नावेच्या रुंदीवर आणि माणसाच्या उंचीवर ठरते. रुंद नावेला लांब वल्हे लागते. बहुतेकांना २२० ते २४० सेंटिमीटरमधले पुरते. ॲल्युमिनियमचे स्वस्त असते, फायबरग्लासचे हलके. तासाभरात शेकडो वेळा तेच वल्हे उचलायचे असल्याने वजनात थोडा फरक पडला तरी खांद्यांना कळतो.

जॅकेटवर मात्र काटकसर नको. त्यावर वजनाचा पल्ला आणि न्यूटनमध्ये एक आकडा लिहिलेला असतो. ५० न्यूटनचे जॅकेट चांगले पोहता येणाऱ्यांसाठी असते. मुले आणि कच्चे पोहणारे यांना १०० न्यूटनचे घ्यावे. सगळे पट्टे आवळून कुणाला तरी खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगा. ते हनुवटीच्या वर सरकले तर मोठे आहे. मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा आणि मागे उचलायची मूठ असावी. "पुढच्या वर्षीही बसेल" म्हणून मापापेक्षा मोठे घ्यायची आपली सवय ईदच्या कपड्यांपुरती ठीक आहे, इथे नाही. जॅकेट नावेत ठेवायचे नसते, अंगात घालायचे असते. आणि त्याला एक शिट्टी बांधावी.

पोशाखाबद्दल बहिणी विचारतात. बुरखा किंवा साडी भिजली की जड होते आणि पायांत गुंतते. पूर्ण बाह्यांचा, अंगाबरोबरचा, लवकर वाळणारा पोहण्याचा पोशाख, त्यावर कमीज आणि सर्वांत वर जॅकेट, असे आमच्या घरच्या स्त्रिया घालतात. हिजाब टाचणीशिवाय, टोके आत खोवून. ओढणी मोकळी सोडू नये. अब पूर्ण झाकलेही जाते आणि हातपायही मोकळे राहतात. पायांत पट्ट्याची चप्पल असावी.

विकत घेण्यापूर्वी पडून पाहा

शेवटची परीक्षा दुकानात होत नाही. तीच किंवा तसलीच नाव उथळ पाण्यात न्या, जॅकेट घाला आणि मुद्दाम उलटवा. मग ती सरळ करून वर चढा. घरातल्या प्रत्येकाने हे एकदा तरी करावे. ज्या नावेवर आपल्याला पुन्हा चढता येत नाही, ती नाव कितीही देखणी असली तरी आपली नाही.

आमच्या मुलीने हे तिसऱ्या प्रयत्नात केले, धाकट्याने मदतीने. सर्वांत जास्त वेळ लागला तो आम्हा दोघा मोठ्यांना. त्या दिवशी एका रुंद, दोघांच्या, तीन कप्प्यांच्या फुगवायच्या कायाकवर शिक्कामोर्तब झाले. ती सर्वांत वेगवान नव्हती. पण ती लिफ्टमधून जात होती, दोघांना उचलता येत होती आणि धाकट्याला तिच्यावर परत चढता येत होते. जॅकेटे घेतल्यापासून नाव घरी येईपर्यंत सात महिने गेले. त्याचा आता पश्चात्ताप होत नाही.

गेल्या बासी ईदला आम्ही पहिल्यांदा ती घेऊन निघालो, बोटिंग चालणाऱ्या एका तलावावर, तिथल्या चालकांची परवानगी घेऊन. अम्मी येणार नाही म्हणत होत्या. ऐन वेळी शीरखुर्म्याचा डबा घेऊन गाडीत बसल्या. काठावर त्यांनी कुणाला पाण्यात उतरू देण्याआधी प्रत्येकाच्या जॅकेटचा एकेक पट्टा स्वतःच्या हाताने ओढून पाहिला. धाकट्याचा एक सैल निघाला.

आता तो नेमच झाला आहे. अम्मींनी पट्टे पाहिल्याशिवाय आमची नाव पाण्यात जात नाही.